काय पाहून म्हणतां?

"मी सोलापूरची," अशी मी पहिल्या भेटीत ओळख सांगितली, तर सर म्हणाले, "काय पाहून म्हणतेस?"

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत, त्यांच्या घराच्या ओट्यासमोर मी उभी होते. गाडीत झोप झाली नव्हती, त्यामुळे वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. सर खाली वाकले, माझ्या बॅगेच्या चाकात अडकलेली माती त्यांनी नखाने उकरून काढली, बोटांत चुरली, आणि मग सरळ होत म्हणाले, "काळी आहे. चिकट आहे. येथली नव्हे. सरी, बरं, तू म्हणतेस तसं असेल. आत ये अम्मा, कापी घे."

अशी माझी तंजावूरमधली सुरुवात झाली. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात संशोधन-साहाय्यक म्हणून मला जागा मिळाली होती. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. विभागात मराठी बोलणारे एक प्राध्यापक आहेत, असं कळल्यावर मी सामान घेऊन थेट त्यांच्याच दारात गेले होते. मराठी बोलणारे, हे खरंच होतं. पण त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला आपण एखाद्या जुन्या बखरीतल्या माणसाशी बोलतोय असं वाटायचं. ते "मी गेलों, मी आलों" असं अनुस्वाराला धरून म्हणत, 'कुठे'ला 'कोठे' म्हणत, आणि वाक्याच्या शेवटी सूर असा वर नेत की प्रश्न कोणता आणि उत्तर कोणतं, हे कळायचं नाही. त्यातच अर्धं तमिळ. भात, भाजी, भांडी, कपडे या सगळ्यांची नावं तमिळ आणि क्रियापदं आमच्या खापरपणज्याच्या वेळची.

गंमत म्हणजे त्यांना देवनागरी नीट वाचता यायची नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरावर कोरलेली अक्षरं ते पेपरासारखी वाचत. पण मी घरून आलेलं मराठी मासिक पुढे केलं की बोट ठेवून, अडखळत, पहिलीतल्या मुलासारखे लावत बसत. "घरांत बोलायची भाषा," ते म्हणायचे, "ती वाचावी लागते म्हणून मला कोणी सांगितलंच नाही."

"काय पाहून म्हणतां?" हा त्यांचा प्रश्न सगळ्यांना असायचा. तमिळमध्ये ते 'एप्पडि तेरियुम?' असं विचारत, म्हणजे 'कसं माहीत?', आणि विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच 'एप्पडि-तेरियुम सर' पाडलं होतं. हॉटेलातला पोऱ्या म्हणाला, वडे संपले, तरी सर विचारत, "एप्पडि तेरियुम?" तो बिचारा आत जाऊन पाहून येई, आणि एकदा खरोखरच एक ताटभर वडे सापडले होते. ती गोष्ट सर पुढे वर्गात उदाहरण म्हणून सांगू लागले. घरी काकू म्हणाल्या, "जेवायला चला, पानं वाढली," की सर सवयीने विचारत आणि काकू स्वयंपाकघरातूनच ओरडत, "नाकाने पाहून!"

काकू मूळच्या कुंभकोणमच्या. शांत, गोल चेहऱ्याच्या. त्यांची एकच तक्रार होती, परसाची. घरामागे जेमतेम चार नारळांपुरती जागा होती, आणि तिथे भाजी लावायची त्यांची इच्छा लग्नापासून अपुरी राहिली होती. कारण तिथे सर वस्तू पुरायचे. जुने टूथब्रश, मोडका रेडिओ, रेशमी साडीचा फाटका काठ, प्लॅस्टिकची बाटली, बंद पडलेला मोबाइल. काही वर्षांनी नव्या विद्यार्थ्यांना बोलावून, काय कुठे पुरलं ते न सांगता, ते खणायला लावत. एकदा काकूंचं हरवलेलं इडलीपात्र त्यातून निघालं. काकू त्या दिवशी कोणाशीच बोलल्या नाहीत. पात्र मात्र त्यांनी घासून परत वापरायला घेतलं.

"हे कशाला सर?" मी एकदा विचारलं.

"मी दुसऱ्यांचीं घरं खणतों आणि ते कसे राहत होते ते सांगतों," सर म्हणाले. "ते लोक उठून येऊन 'नाही हो, असं नव्हतं' म्हणून सांगत नाहींत. येथे सांगायला मी आहे. म्हणून आपलं घर पुरून पाहायचं."

एका मुलाने त्या खड्ड्यात शेजारी शेजारी ठेवलेले तीन टूथब्रश पाहून लिहिलं होतं की, हे पूजेचं साहित्य दिसतं. सगळे हसले. सरही पोट धरून हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "हसूं नका. दोन हजार वर्षं जाऊ द्या, मग कोणी हसणार नाही. परिषदेत वाचतील."

परिषदांवर त्यांचा राग नव्हता, पण परिषदांतून मिळालेल्या शाली ते खापरांच्या ट्रेखाली अंथरत. जरीकाठी, मऊ, सुरेख शाली. "खापर घासलं जात नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा एक पाहुणे प्राध्यापक विभागात आले आणि त्यांनी स्वतः सरांना घातलेली शाल एका रांजणाच्या तुकड्यांखाली ओळखली. सरांनी त्यांचा हात हातात घेऊन मनापासून सांगितलं, "फार उत्तम शाल. एकही तुकडा फुटला नाही."

वर्गात ते एकदा वीट घेऊन आले. टेबलावर वीट ठेवली, शेजारी आपला मोबाइल ठेवला आणि विचारलं, "या दोन्हींतलं काय कोणाला करतां येतं?" मोबाइल सोडा, वीटही कोणाला येत नव्हती. मग पुढचे काही दिवस आमचा सगळा वर्ग विभागामागच्या मैदानात चिखल तुडवत होता. आमच्या विटा वाळताना तडकल्या, भाजताना फुटल्या, उरलेल्या पावसात विरघळल्या. सर त्या ढिगाऱ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पुस्तकांत सगळं आहे म्हणून तुम्ही धीर धरून बसलां आहांत. ज्याला वीट येत होती तो मेला, तेव्हा किती गेलं ते पुस्तकाला ठाऊकच नाही." मग थोडं थांबून, "पण ह्याला तरी माझा पुरावा काय? तडकलेल्या विटा. त्यावरून येवढं मोठं बोलूं नये." स्वतःच्या वाक्याला असं लगेच मागे खेचणं ही त्यांची सवय. ऐकणाऱ्याला वैताग यायचा. टिपून घेतलेलं वाक्य खोडावं लागायचं.

अलीकडच्या मुलांनी अहवाल यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. असा एक अहवाल सरांनी अर्ध्या तासात दोनदा वाचला. मुलगा अंग चोरून उभा. सर म्हणाले, "चांगला आहे. यांत एकही चूक नाही. खड्ड्यांत उतरलेल्या माणसाकडून असं होत नाही अप्पा. पाय कोठे घसरला, काय समजलं नाही, ऊन कोठून येत होतं म्हणून रंग चुकीचा दिसला, हे सगळं कोठे आहे? ते तू लिही. उरलेलं त्याला लिहूं दे." तो मुलगा पुढे विभागातला सगळ्यात चांगला खोदकाम करणारा झाला, असं काही मी सांगणार नाही. तो बँकेत गेला. पण ते पान त्याने लिहून आणलं होतं, आणि ते बरं होतं.

हे सगळं सांगते आहे ते सर कसे होते ते कळावं म्हणून. आता त्या टाक्यांबद्दल सांगायला हवं.

पापनाशमच्या अलीकडे, कालव्याच्या काठी एक गाव आहे. चारी बाजूंनी भातशेती, मधे नारळ. गावाबाहेरच्या उंचवट्यात विटांच्या दोन टाक्या आहेत, एक वर, एक खाली, आणि मधल्या भिंतीत पाणी जायला भोक. सर अगदी तरुण असताना त्यांनी त्या उजेडात आणल्या. विटा मोठ्या, रुंद, दोन हजार वर्षांपूर्वी जशा करत तशा. त्यावरून त्यांनी मांडलं की, ही त्या काळातली पाणी गाळायची व्यवस्था आहे: वरच्या टाकीत गाळ बसायचा, स्वच्छ पाणी खाली यायचं. त्या लेखाने त्यांचं नाव झालं. पाठ्यपुस्तकांत टाक्यांचं चित्र आलं. आमच्या विभागप्रमुख बाई या सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी डॉक्टरेट त्याच टाक्यांवर केली होती. सर त्यांना सगळ्यांसमोर 'माझी मोठी मुलगी' म्हणायचे, आणि त्याही सरांच्या घरी आल्या की विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करून घ्यायच्या. आणि गावाने? गावाने बसथांब्यावर कमान उभी केली होती, 'दोन हजार वर्षांचं प्राचीन गाव' अशा तमिळ अक्षरांची.

मी गेले त्या वर्षी सर निवृत्त होणार होते. बाईंनी खटपट करून एक मोठा प्रकल्प मंजूर करून आणला होता. टाक्यांवर छप्पर, शेजारी छोटं संग्रहालय, आणि उद्घाटनाच्या दिवशी तिथेच सरांचा सत्कार. त्याआधी छपराचे खांब कुठे रोवायचे ते पाहायला पायाशेजारी थोडं खणायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं.

खालच्या टाकीच्या एका कोपऱ्यात, पायाच्या सगळ्यात शेवटच्या विटेखाली, चुन्याच्या थरात माझ्या खुरप्याला काहीतरी कडक लागलं. ब्रशने साफ केलं. हिरव्या काचेचं, जाड, आत खोलगट असलेलं बाटलीचं बूड.

अशा बाटल्या इथे आल्या त्या जहाजांतून, गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर. ती पायाखाली असेल, तर पाया तिच्यानंतरचा. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं.

मी सरांना हाक मारली. बाईही तिथेच होत्या, छपराच्या माणसांशी बोलत. दोघं आले. सर खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून पाहत राहिले. बोलल्या त्या बाई, इंग्रजीत, घाईघाईने: "उंदराचं बीळ असेल. वरून पडलं असेल आत. या भागात किती उंदीर आहेत, शेतं आहेत ना."

हे अगदीच चूक नव्हतं. असं होतं. अहवालात 'उंदराच्या बिळातून आलेलं' असं लिहिलं असतं, तर कोणीही बोट ठेवलं नसतं. मी सरांकडे पाहत होते. बाईही पाहत होत्या.

"उंदीर असेल," सर शेवटी म्हणाले. "होऊं शकतं. एका कोपऱ्यावरून काय म्हणायचं? समोरचा कोपरा उघडूं."

समोरचा कोपरा त्यांनी स्वतः उघडला. गुडघे दुखत होते, मी करते म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. ऊन चढलं, माणसं जेवायला गेली, परत आली. बाई एका नारळाखाली फोन हातात धरून उभ्या होत्या. फोन करत नव्हत्या. दुपार कलल्यावर सरांनी मला खाली बोलावलं. त्या कोपऱ्यातही पायाखाली काचा होत्या, बारीक, हिरव्या. आणि त्यांच्यावर चुन्याचा थर होता, हातभर रुंद, कुठेही न फुटलेला, एकसंध.

सरांनी त्या थरावरून तळहात फिरवला. मग वर पाहून बाईंना तमिळमध्ये म्हणाले, "उंदीर बीळ करतो. केल्यावर चुना लिंपून जात नाही."

बाईंनी हातातला फोन पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी छपराची माणसं निघून गेल्यावर सर टाकीच्या काठावर पाय आत सोडून बसले. मी जवळ उभी. ते माझ्याशी मराठीत बोलू लागले. बाईंना ती येत नव्हती. त्या थोड्या लांब होत्या.

"विटा जुन्याच आहेत अम्मा. मी नीट मोजल्या होत्या. विटा खोटं बोलल्या नाहींत. कोणी तरी जुन्या विटा कोठून तरी उपटून आणल्या आणि आपलं काम केलं. आमच्या घराची पायरी कोठल्या तरी देवळाचा दगड आहे. रोज त्यावर पाय देऊन मी बाहेर पडतों. आणि येवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यांत आली नाही."

"सर, तुम्ही तेव्हा किती लहान होता."

"लहान होतों म्हणून नव्हे. मला तें हवं होतं म्हणून."

मग बाई जवळ आल्या. त्यांनी चटणी-भात वाढताना बोलावं तशा साध्या आवाजात विचारलं, "सर, उद्घाटन होऊन जाऊ द्या. मग पुढच्या वर्षी सावकाश लिहू. तारखा प्रयोगशाळेतून यायच्याच आहेत अजून."

"तारखा येतील. पण छप्पर घातल्यावर आणि पाटी लावल्यावर त्या कोण वाचील?"

"तुम्ही निवृत्त होणार, सर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तसा राहिला नव्हता. "मला अजून तिथे बसायचंय. माझी डॉक्टरेट ही आहे. माझे विद्यार्थी यावर काम करतायत. तुमचा एक लेख चुकेल. माझं सगळंच चुकेल."

बाईंनी काहीही वावगं केलं नव्हतं. गुरूने शिकवलं ते खरं मानून त्यांनी आपली वर्षं घातली होती. सर टाकीच्या तळाकडे पाहत एवढंच म्हणाले, "होय. तुझं नुकसान होणार. तें मी केलं. तें खरं आहे."

बाई गाडीत बसून निघून गेल्या. आम्ही दोघं गावच्या बसने परतलो. घरी सरांनी जेवायला बसल्यावर काकूंना सांगितलं, "ती माझी टाकी, जुनी नव्हे." काकू वाढता वाढता थांबल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी विचारलं, "काय पाहून म्हणतां?" सरांनी सगळं समजावून सांगितलं, चुन्याच्या थरापर्यंत. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या भातावर आणखी थोडं तूप घातलं.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेने चुन्यातल्या कोळशावरून काढलेला काळ बाटलीच्याच काळाशी जुळला. मधल्या भोकाच्या गिलाव्यात निळसर डाग होते. ते सरांनी आधीही पाहिले होते आणि शेवाळं समजून सोडून दिले होते. ते निळीचे निघाले. टाक्या पाणी गाळायच्या नव्हत्याच. नीळ तयार करायच्या होत्या, कंपनी सरकारच्या दिवसांतल्या. या भागात नीळ फारशी होत नव्हती, त्यामुळे ते कोणाच्या मनातही आलं नव्हतं. विभागाच्या सभागृहात, बाहेरगावचे लोक आलेले असताना, सरांनी स्वतःचा जुना लेख पडद्यावर लावला आणि त्यातलं एक-एक वाक्य घेऊन ते कुठे चुकलं ते दाखवलं. बाई मधेच उठून गेल्या. प्रकल्प थांबला. सत्कार झाला नाही. सर एका साध्या दुपारी आपल्या खोलीची किल्ली कार्यालयात देऊन घरी आले.

बाई कित्येक महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकूंना ते फार लागलं. कोणी दार वाजवलं की त्या आधी कॉफीचं भांडं पाहायच्या. आणि मग एका सकाळी बाई आल्या. विचारल्याशिवाय आत गेल्या, कॉफी केली, बाहेर येऊन सरांसमोर बसल्या. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही; मी परसात होते. पण आता त्या वर्गात काय करतात ते मला माहीत आहे. सरांचा पहिला लेख त्या मुलांना देतात, त्यात चूक आहे हे न सांगता. मुलं आठवडाभर त्याच्यावर भारावून बोलतात. मग त्या मुलांना टाकीवर नेतात आणि तो कोपरा दाखवतात. सरांना हे कळलं तेव्हा ते किती वेळ हसत होते. "तिने मला कामाला लावलं," म्हणाले. "पेन्शनीत बसलों तरी."

पण बाई परत यायच्या आधीची एक संध्याकाळ मला सांगायची आहे. सभागृहातल्या त्या भाषणानंतर लगेचची. गावाला कळवायचं राहिलं होतं. विभागातून कोणी म्हणालं, पत्र पाठवा. सर म्हणाले, "त्यांना मी तोंडाने सांगितलं होतं. तें तोंडानेच परत घ्यायला हवं." आणि आम्ही बसने गेलो.

उन्हं उतरली होती. टाकीपाशी तीस-चाळीस माणसं जमली. शेतावरून आलेले पुरुष, मोपेड बाजूला लावून उभी तरुण मुलं, कडेला बायका. पंचायतीचे अध्यक्ष पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात, हाताची घडी घालून, सगळ्यांत पुढे. सरांनी तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. माझं तमिळ तेव्हा कळण्याइतकं झालं होतं. त्यांनी फिरवून काही सांगितलं नाही. मी चुकलो, हे दोन हजार वर्षांचं नाही, दोनशेच्या आसपास असेल, तेही नाही भरणार कदाचित, असं सांगून ते थांबले.

कोणीतरी हसलं. मग एकदम गलका झाला. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"सर," ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला बोलवायला आलो नव्हतो. माझे वडील इथे गुरं बांधायचे. तुम्ही आलात, तुम्ही सांगितलंत की हे दोन हजार वर्षांचं आहे. आम्ही गुरं काढली. कमान बांधली. आमच्या लग्नपत्रिकांवर ते छापतो आम्ही. आता तुम्हीच आलात आणि तुम्हीच घेऊन चाललात?"

"होय," सर म्हणाले.

"मग बदल्यात काय देता?"

सरांनी चष्मा काढला आणि तो हातात धरून ते उभे राहिले.

तेव्हा कडेला बसलेल्या बायकांतून एक म्हातारी बोलली. तिला सगळे पाट्टी म्हणत होते, आजी. किडकिडीत, ताठ कण्याची. तिने विचारलं, "मग इथे काय करायचे?"

सर तिच्याकडे वळले. चष्मा परत घातला. "नीळ करायचे अम्मा. कपड्याला लावतात ती नीळ. वरच्या टाकीत झाडपाला भिजत घालायचे. तो कुजायचा, फार घाण वास यायचा. मग त्याचं पाणी या भोकातून खालच्या टाकीत सोडायचे. आणि त्या पाण्यात माणसं उतरायची. ओळीने उभी राहून काठ्यांनी, पायांनी पाणी झोडायची. तासन्‌तास. हिरवट पाणी फेसाळून निळं होईपर्यंत."

"कोण माणसं?"

"नावं कोणी लिहून ठेवली नाहीत."

"ते नाही विचारलं. गोरी माणसं उतरायची का पाण्यात?"

"नाही," सर म्हणाले. "ती नाही उतरायची. लांबून माणसं आणून त्यांना पोसण्याइतकं हे काम मोठं नव्हतं. जवळचीच असणार. या गावची, नाहीतर शेजारच्या. हा माझा अंदाज आहे. पुरावा नाही."

गलका थांबला होता. मागची मुलं पुढे सरकली. कोणीतरी हिशेब करत पुटपुटलं, की म्हणजे आजोबांचे आजोबा. दुसरा म्हणाला, त्यांच्याही आजोबांचे असतील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी नातं सांगायला कोणाला शब्द नव्हता. इथे तो होता.

"पाणी कुठवर असायचं?" पाट्टीने विचारलं.

सरांनी काठावरूनच खालच्या टाकीच्या भिंतीवर बोट दाखवलं, जिथे गिलाव्याचा रंग बदलत होता.

"असं नाही कळत," ती म्हणाली. तिने साडीचा पदर कमरेला खोचला, आणि कोणी काही म्हणायच्या आत टाकीच्या पडक्या कोपऱ्यातून, विटांवर हात टेकत, खाली उतरली. सर तिच्यामागे उतरले. त्यांचे गुडघे, त्या पडक्या विटा. मी हात दिला, पण त्यांनी भिंत धरली. दोघं टाकीच्या मधोमध उभी राहिली. सरांनी भिंतीवरची ती खूण नजरेने धरली आणि आपला तळहात तेवढ्या उंचीवर हवेत आडवा धरला, पाण्यावर टेकवावा तसा. त्यांच्या कमरेशी आला तो.

मग त्यांनी तो तसाच तिच्याकडे नेला. तिच्या छातीशी आला.

पाट्टी खाली मान घालून त्या हाताकडे पाहत राहिली.

"माझा बाप माझ्याएवढाच होता," ती म्हणाली.

वर काठावर अध्यक्षांची हाताची घडी सुटली होती. मग त्यांनी पायांतल्या चपला काढून काठावर ठेवल्या, वेष्टी गुडघ्यांपर्यंत दुमडली, आणि ते खाली उतरले.